१४२८५७ आणि सातने भागल्यावर उरणारी बाकी

१४२८५७ला २ने गुणलं की उत्तर येतं २८५७१४. अंक तेच सहा, त्यांचा क्रमही तोच, फक्त सुरुवात २पासून झाली आहे. ३ने गुणून बघा, ४ने बघा. सहापर्यंत हेच चालतं:

१४२८५७ × १ = १४२८५७
१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

सातने गुणलं की मात्र सहाही अंक एकदम गायब होतात आणि समोर ९९९९९९ उभे राहतात.

गणितातल्या गमती सांगताना हा तक्ता हमखास येतो आणि बहुतेक वेळा तिथेच विषय आटोपतो. खरं तर या संख्येच्या जवळजवळ सगळ्या करामतींचं मूळ एकाच जागी आहे: १ला ७ने भागताना दर पायरीला जी बाकी उरते, तिच्यात. ती बाकी एकदा नीट डोळ्यांखालून घातली की पुढचं काहीच पाठ करावं लागत नाही.

भागाकार मांडून बघू

१ला ७ने भागायचं आहे. १मध्ये ७ जात नाहीत, म्हणून भागात शून्य, मग दशांशचिन्ह, आणि १वर शून्य घेऊन १०. इथून पुढे:

१०ला ७ने भाग : भाग १, बाकी ३
३०ला ७ने भाग : भाग ४, बाकी २
२०ला ७ने भाग : भाग २, बाकी ६
६०ला ७ने भाग : भाग ८, बाकी ४
४०ला ७ने भाग : भाग ५, बाकी ५
५०ला ७ने भाग : भाग ७, बाकी १

बाकी १ उरली, म्हणजे जिथून निघालो तिथेच परत आलो. आता पुन्हा १०, पुन्हा ३०, पुन्हा २०. म्हणून १/७ = ०.१४२८५७१४२८५७…, अखंड आवर्ती.

इथे दोन माळा तयार झाल्या. भागाची माळ १, ४, २, ८, ५, ७. आणि सुरुवातीच्या १पासून धरली तर बाकीची माळ १, ३, २, ६, ४, ५. सगळ्यांचं लक्ष पहिल्या माळेकडे जातं, पण सूत्रं हलतात दुसरीकडून. पुढचा अंक कोणता येणार हे फक्त हातात असलेल्या बाकीवर ठरतं. आधी काय घडलं याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ७ने भागल्यावर बाकी १ ते ६ यांपैकीच असू शकते. शून्य बाकी कधीच येणार नाही, कारण १०, १००, १००० या संख्यांचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ आहेत. तेव्हा जास्तीत जास्त सहा पावलांत एखादी बाकी पुन्हा यायलाच हवी. ७च्या बाबतीत सहाच्या सहा बाक्या एकाच फेरीत येऊन जातात. सगळे भाजक असे वागत नाहीत. १३ कसा बिघडतो ते पुढे येईलच.

आता २/७ काढायचं म्हणजे काय? भागाकाराची सुरुवात २पासून. पण २ ही बाकी वरच्या माळेत आहेच, तिसऱ्या जागी. तिथून २०, ६०, ४०, ५०, १०, ३० हा तोच रस्ता पुढे चालायचा, आणि अंक येतात २, ८, ५, ७, १, ४. तेच ३/७चं, तेच ६/७चं. सहाही अपूर्णांक एकाच गोल रस्त्यावर आहेत, कोण कुठून चालायला लागतो एवढाच फरक.

यातूनच गुणाकार तोंडी सांगायची सोपी युक्ती निघते. सहा अंक लहानापासून मोठ्यापर्यंत लावा: १, २, ४, ५, ७, ८. चारने गुणायचं असेल तर या यादीतला चौथा अंक घ्या, म्हणजे ५, आणि गोलातून ५पासून वाचा: ५७१४२८. पट जितकी मोठी तितकं उत्तर मोठं, म्हणून पहिला अंकही चढत्या क्रमानेच येणार; सहाही अंक वेगळे असल्यामुळे गोंधळाला जागा नाही. पडताळा घ्यायचा असेल तर एककस्थान बघा. सात चोक अठ्ठावीस, म्हणून उत्तराच्या शेवटी ८ हवा. आहे.

या यादीत ०, ३, ६, ९ नाहीत, यावरून बरीच गूढ भाषा वापरली जाते. कारण अगदी साधं आहे. अंक मिळतात ते १०, २०, ३०, ४०, ५०, ६० यांना ७ने भागून, आणि हे भागाकार १.४, २.९, ४.३, ५.७, ७.१, ८.६ असे साधारण १.४३च्या उड्या मारत जातात. उडी एकपेक्षा मोठी आहे, त्यामुळे दहा घरांपैकी काही घरं सुटणारच. ती ०, ३, ६, ९ ही सुटतात, इतकंच.

दशांशचिन्ह काढून टाकल्यावर

आतापर्यंत बोललो ते अपूर्णांकाबद्दल. पूर्ण संख्येशी त्याचा संबंध जोडणारी ओळ ही:

१०००००० = ७ × १४२८५७ + १

सहा शून्यं उतरवून झाली तेव्हा भाग १४२८५७ होता आणि बाकी १ होती, एवढंच ही ओळ सांगते. ती १ बाजूला केली की ७ × १४२८५७ = ९९९९९९. अनेकांना वाटतं की १४२८५७ म्हणजे दहा लाखांचा सातवा हिस्सा. तसं धरून सातने गुणलं की उत्तर एकने कमी पडतं, आणि चूक गुणाकारात शोधली जाते. हा सातवा हिस्सा दहा लाखांचा नसून ९९९९९९चा आहे.

अंक गोल का फिरतात, हे आता दशांश अपूर्णांकाचं नावही न घेता दाखवता येतं. पहिला अंक उचलून शेवटी ठेवायचा म्हणजे काय करायचं? संख्येला १०ने गुणायचं (१४२८५७०), पुढे आलेला १ काढायचा म्हणजे १०००००० वजा करायचे, आणि तोच १ शेवटी ठेवायचा म्हणजे १ मिळवायचा. एकूण वजा झाले ९९९९९९, आणि ते तर आपल्या संख्येची सातपट आहेत. म्हणजे दहापटीतून सातपट गेली, उरली तिप्पट: ४२८५७१. एक अंक सरकवणं म्हणजे तिप्पट करणं. पुन्हा एक अंक सरकवा: तिप्पटीची दहापट म्हणजे तीसपट, या वेळी पुढचा अंक ४ म्हणून चारदा सातपट वजा, उरली दुप्पट: २८५७१४. बाकीच्या माळेतले १, ३, २, ६, ४, ५ हे आकडे म्हणजे अंक एकेक घर सरकवल्यावर मिळणाऱ्या पटी आहेत. १०ला ७ने भागल्यावर बाकी ३ उरते, आणि माळेतली प्रत्येक बाकी आधीच्या बाकीची तिप्पट करून त्यातून सात काढले की मिळते.

सातच्या पुढे गुणलं तर

८ने गुणल्यावर ११४२८५६ येतात. पहिल्या नजरेला खेळ मोडलेला दिसतो. उजवीकडून सहा अंक मोजून तिथे रेघ मारा: १ | १४२८५६. दोन्ही भागांची बेरीज १४२८५७. १००ने गुणा: १४ | २८५७००, बेरीज २८५७१४. कारण असं की १०००००० ही संख्या ९९९९९९पेक्षा एकनेच मोठी आहे, म्हणून दहा लाखांच्या पुढचा भाग एककात आणून मिळवल्यावर ९९९९९९च्या पटीच तेवढ्या गळतात.

रेघेच्या डावीकडे काय येतं तेही आधीच सांगता येतं. गुणकाला ७ने भागा. जो भाग येईल तो डावीकडे, आणि बाकीच्या पटीतून तोच भाग वजा करून येईल ते उजवीकडे. समजा ८८ने गुणायचं आहे. ८८ ÷ ७ : भाग १२, बाकी ४. चौपट ५७१४२८, त्यातून १२ गेले, उरले ५७१४१६. उत्तर १२५७१४१६. कागदाची गरजच पडत नाही. ३६५ने गुणलं तर ५२१४२८०५ येतात. डावीकडे ५२, आणि दोन्ही भागांची बेरीज १४२८५७. वर्षात ५२ आठवडे आणि वर १ दिवस असतो, तोच हिशेब इथे वेगळ्या वेषात आला.

ही रीत तीन ठिकाणी फसते. पहिलं ठिकाण, गुणक ७च्या पटीत असेल तेव्हा. बाकी शून्य, म्हणून वजा करायला काही उरत नाही. ४९ घ्या: भाग ७. अशा वेळी भागातून एक कमी करून तो डावीकडे, आणि दहा लाखांतून भाग वजा करून तो उजवीकडे: ६ | ९९९९९३. बेरीज केल्यावर ९९९९९९ येतात, शून्य नाही. दुसरं ठिकाण, उजवा भाग सहा अंकांपेक्षा लहान आला तर. ३५०००१ने गुणताना भाग ५०००० आणि बाकी १, म्हणून उजवा भाग १४२८५७ − ५०००० = ९२८५७. हे पाचच अंक आहेत. पुढे शून्य घालून सहा घरं भरली नाहीत तर उत्तर दहा पटींनी चुकतं. बरोबर उत्तर ५००००|९२८५७ नव्हे, ५००००|०९२८५७ आहे. तिसरं ठिकाण, गुणक दहा लाखांच्या पुढे गेल्यावर. १०००००७ने गुणा: १४२८५७ | ९९९९९९. बेरीज ११४२८५६, म्हणजे सात अंक. घाबरायचं कारण नाही, पुन्हा सहा अंकांवर रेघ मारून मिळवा: १ + १४२८५६ = १४२८५७. सहा अंक उरेपर्यंत हे करत राहायचं.

आता या संख्येला तिनेच गुणा. वर्ग येतो २०४०८१२२४४९. रेघ मारली की २०४०८ | १२२४४९, आणि बेरीज १४२८५७. ज्या संख्येच्या वर्गाचे असे दोन तुकडे करून मिळवल्यावर मूळ संख्या परत मिळते तिला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावाने कापरेकर संख्या म्हणतात: ९ (८१ : ८ + १), ४५ (२०२५ : २० + २५), २९७ (८८२०९ : ८८ + २०९). १४२८५७ त्यांत का बसते, हे वरच्या रीतीत आलंच आहे. १४२८५७ला ७ने भागल्यावर भाग २०४०८ आणि बाकी १. बाकी १ म्हणून बेरीज एकपट. दहा लाखांतून ही संख्या वजा केल्यावर उरणारी ८५७१४३सुद्धा कापरेकर संख्या आहे: वर्ग ७३४६९४१२२४४९, तुकडे ७३४६९४ आणि १२२४४९. उजवा तुकडा दोघींचा सारखाच.

मधोमध चिरली की नऊ

१४२ + ८५७ = ९९९. हे जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण यामुळे अर्धा भागाकार वाचतो. बाकीच्या माळेत तीन पावलं चालल्यावर ६ लागते. ७च्या दृष्टीने ६ म्हणजे "एक कमी". तिथून पुढची प्रत्येक बाकी पहिल्या अर्ध्यातल्या जोडीदाराला सातपर्यंत पूर्ण करते: १ आणि ६, ३ आणि ४, २ आणि ५. बाक्यांची बेरीज सात, म्हणून त्यांच्यापासून येणाऱ्या अंकांची बेरीज नऊ: १ आणि ८, ४ आणि ५, २ आणि ७. अशा तीन जोड्या, म्हणून अंकांची बेरीज २७. आवर्तनाची लांबी सम असेल तर कोणत्याही मूळ संख्येच्या छेदाला हा नियम लागू पडतो. तो १८३६ साली मिडी या फ्रेंच गणितज्ञाने मांडला.

तीन तुकडे केले तर १४ + २८ + ५७ = ९९. इथे मात्र एक सापळा आहे. हाच प्रयोग ४२८५७१वर केला तर ४२ + ८५ + ७१ = १९८ येतात, ९९ नाही. दोन-दोन पावलांवरच्या बाक्या पहिल्या वेळी १, २, ४ होत्या, बेरीज ७. दुसऱ्या वेळी ३, ६, ५, बेरीज १४. ९९च्या दुप्पट झाली ती त्यामुळे. "नेहमी ९९च येतात" असं लिहिलेलं दिसलं तर ते अर्धंच खरं आहे. १४, २८, ५७ हे दुपटीचे आकडे वाटतात तेही खरंच आहे: १००ला ७ने भागल्यावर भाग १४ आणि बाकी २, म्हणून दर दोन अंकांनी आकडा दुप्पट होतो. १४, २८, ५६, ११२… असे दोन-दोन घरं सरकवून मांडले तर ११२मधला १ डावीकडे जातो आणि ५६चे ५७ होतात.

अवयव पाडले तर १४२८५७ = ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७. यातल्या ११ × १३ला एकत्र धरलं की १४३, आणि उरलेल्यांचे ९९९. म्हणजे १४२८५७ = १४३ × ९९९, किंवा १४३००० − १४३. ही मांडणी फार उपयोगी आहे. १४२ आणि ८५७ या दोन अर्ध्यांचे वर्ग घेऊन वजाबाकी करा: ८५७² − १४२² = ७१४२८५. पुन्हा तेच अंक! बेरीज ९९९, फरक ७१५, आणि ७१५ म्हणजे १४३ची पाचपट. म्हणून उत्तर आपल्या संख्येची पाचपट. ५७१² − ४२८² करून बघा. फरक नेमका १४३ आहे, म्हणून उत्तर येतं खुद्द १४२८५७.

संख्या उलट्या बाजूनेही उभी करता येते, आणि भागाकारापेक्षा ही रीत वेगवान आहे. पाचपट म्हणजे ७१४२८५, अर्थात शेवटचा ७ उचलून पुढे ठेवलेला. तेव्हा ७पासून सुरू करा, ५ने गुणा, एकक लिहा, हातचा पुढे न्या. ७ × ५ = ३५ : ५ लिहा, हातचे ३. ५ × ५ + ३ = २८ : ८, हातचे २. ८ × ५ + २ = ४२ : २, हातचे ४. २ × ५ + ४ = १४ : ४, हातचा १. ४ × ५ + १ = २१ : १, हातचे २. १ × ५ + २ = ७, आणि ७ परत आला. उजवीकडून डावीकडे लिहीत गेलं की १४२८५७ तयार. हातचा विसरलात तर आवर्तन जुळत नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. १/१९साठी हीच रीत शेवटी १ लिहून आणि २ने गुणत चालते, कारण १९ + १ = २०. ७साठी ५ का? १/७ म्हणजे ७/४९, आणि ४९ + १ = ५०.

सहा बिंदू आणि एक लंबवर्तुळ

गोलातले लागोपाठचे अंक जोडीने घ्या आणि आलेखकागदावर बिंदू मांडा: (१, ४), (४, २), (२, ८), (८, ५), (५, ७), (७, १). हे सहाही बिंदू एकाच लंबवर्तुळावर पडतात. साधारणपणे पाच बिंदूंतून एक शांकव (लंबवर्तुळासारख्या वक्रांचं सामाईक नाव) ठरतो, सहावा त्यावर पडेलच असं नाही. म्हणून हे आश्चर्याचं वाटतं. पण समोरासमोरच्या अंकांची बेरीज नऊ असते हे आपण पाहिलं. त्यामुळे (१, ४)च्या बरोबर विरुद्ध (८, ५), (४, २)च्या विरुद्ध (५, ७), (२, ८)च्या विरुद्ध (७, १), आणि तिन्ही जोड्यांचा मध्य (४.५, ४.५). केंद्र आधीच ठरल्यावर शांकवाचे तीनच सहगुणक शोधायचे उरतात, आणि तीन जोड्या त्यासाठी पुरतात.

पडताळ्यासाठी मोठं समीकरण नको. प = २क्ष − ९ आणि फ = २य − ९ असं घ्या. मग सहाही बिंदूंसाठी

१९प² + ३६पफ + ४१फ² = १२२४

(१, ४)साठी प = −७, फ = −१ : ९३१ + २५२ + ४१ = १२२४. (४, २)साठी प = −१, फ = −५ : १९ + १८० + १०२५ = १२२४. (२, ८)साठी प = −५, फ = ७ : ४७५ − १२६० + २००९ = १२२४. विरुद्ध बिंदूंना दोन्ही चिन्हं उलटतात, किंमत तीच राहते. समीकरण लंबवर्तुळाचंच आहे, कारण ४ × १९ × ४१ = ३११६ हे ३६² = १२९६पेक्षा मोठं आहे. आकृती दिसायला छान आहे, पण तिच्यात नऊच्या जोड्यांपलीकडे नवं असं काही दडलेलं नाही.

दुसऱ्या संख्यांना हे का जमत नाही

१/१३ = ०.०७६९२३०७६९२३… इथेही आवर्तन सहाच अंकांचं, पण बाक्या बारा असू शकतात. १पासून निघालं की १, १०, ९, १२, ३, ४ एवढ्याच भेटतात आणि फेरी पूर्ण होते. २, ७, ५, ११, ६, ८ या बाक्यांचा गोल वेगळाच, त्याचे अंक १५३८४६. म्हणून ०७६९२३ × ३ = २३०७६९ हे फिरलेलं रूप आहे, पण ०७६९२३ × २ = १५३८४६ हे तसं नाही. १३कडे दोन गोल आहेत. ४१कडे तर आठ: १/४१चं आवर्तन ०२४३९, फक्त पाच अंकांचं.

छेदाच्या सगळ्या बाक्या एकाच गोलात याव्यात अशा मूळ संख्या १००च्या आत नऊ आहेत: ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७. प्रत्येकीपासून १४२८५७सारखी फिरणारी संख्या मिळते. १७ची ०५८८२३५२९४११७६४७ अशी सोळा अंकांची, आणि तिची दुप्पट ११७६४७०५८८२३५२९४. सुरुवातीचं शून्य इथे अंक म्हणून मोजायचंच, नाहीतर फिरणं बिघडतं. छेद दहापेक्षा मोठा असला की अपूर्णांक एक दशांशाहून लहान, म्हणून पहिलं घर शून्यच असणार. दहापेक्षा लहान मूळ संख्यांत २ आणि ५ यांचे अपूर्णांक खंडित होतात आणि ३ची फेरी एका पावलात संपते. उरते एकटी ७. म्हणूनच शून्याने सुरू न होणारी, एकाहून अधिक अंकांची अशी फिरणारी संख्या दशमान पद्धतीत एकच आहे.

दशमान पद्धतीत, हे शब्द इथे महत्त्वाचे. सगळा खेळ १०ला ७ने भागल्यावर ३ उरण्याचा आहे. पाया ८ घेतला, म्हणजे दहाऐवजी आठाच्या गटांनी संख्या लिहिल्या, तर बाकी लगेच १, आणि १/७ दिसतो ०.१११… असा. पाया १२ घेतला तर बाकी ५, आणि ५ही सहाही घरं फिरून येते: घरांतले आकडे १, ८, ६, १०, ३, ५, समोरासमोरची बेरीज या वेळी ११.

एखादी मूळ संख्या या यादीत बसते का, हे पूर्ण भागाकार न करता तपासता येतं. आवर्तनाची लांबी नेहमी "मूळ संख्या उणे एक" हिला नि:शेष भागते. म्हणून त्या उणे-एकचे मूळ अवयव काढा, प्रत्येकाने तिला भागा, आणि तेवढ्या घाताच्या १०ची बाकी बघा. कुठेही १ आली तर संख्या बाद. १३साठी १२चे मूळ अवयव २ आणि ३. २ने भागून घात ६. १००ची बाकी ९, १०००ची १२, म्हणून १०च्या सहाव्या घाताची बाकी १२ × १२ = १४४ची, म्हणजे १. तेरा बाद. १७साठी १६चा मूळ अवयव फक्त २, घात ८. १००ची बाकी १५, म्हणजे "दोन कमी". चौथ्या घाताची ४. आठव्या घाताची १६. १ नाही, म्हणून १७ पास.

आवर्तन काढायला कॅल्क्युलेटर वापरताना जपून. दहा अंकी पडद्यावर १/१७चे सोळा अंक मावत नाहीत आणि शेवटचा अंक कधी पूर्णांकित केलेला असतो. स्प्रेडशीटमध्ये साधारण पंधरा अंकांनंतर शून्यं भरली जातात, आणि पुढचं शून्यही गळतं. त्याऐवजी दहा कोटींना १७ने भागा: भाग ५८८२३५२, बाकी १६. भाग आठ घरांत लिहा, ०५८८२३५२. बाकी १६ म्हणजे भाजकाहून एक कमी, म्हणजे आपण बरोबर अर्ध्यावर आहोत. उरलेली आठ घरं प्रत्येक अंक नवातून वजा करून मिळतात: ९४११७६४७.

१००च्या पुढेही अशा मूळ संख्या भेटत राहतात, पण त्या अनंत आहेत का? एमिल आर्टिन यांनी १९२७ साली अंदाज मांडला, आणि त्यानुसार त्या अनंत असून सर्व मूळ संख्यांत त्यांचं प्रमाण सुमारे ३७.४ टक्के असायला हवं. १९६७ साली क्रिस्टोफर हूली यांनी तो सिद्ध केला, पण व्यापक रीमान गृहीतक (मूळ संख्यांच्या विखुरण्याशी जोडलेलं एक प्रसिद्ध अनुमान) खरं आहे असं धरून, आणि ते गृहीतकच अजून सिद्ध झालेलं नाही. १९८६ साली रॉजर हीथ-ब्राउन यांच्या कामातून कोणतंही गृहीतक न धरता एवढं निघालं की पाया २, ३ आणि ५ यांपैकी निदान एकासाठी तरी अशा मूळ संख्या अनंत आहेत. तो एक कोणता, ते त्या सिद्धतेतून कळत नाही. आणि आपला पाया १० त्या तिघांत नाहीच.